चार सुतांचा हिशेब

टाइलच्या दुकानात रंग, चकाकी, आकार आणि चौरस फुटाचा भाव यांवर तासभर चर्चा होते. दारांचा विषय मात्र कोणी काढत नाही. दुकानदाराकडे दारं मिळत नाहीत, फरशी बसवणारा मिस्त्री ‘ते सुताराचं काम’ म्हणून मोकळा होतो आणि घरमालक त्या वेळी आयव्हरी आणि क्रीम यांतला फरक शोधण्यात गुंग असतो. पुढे फरशी बसते, वाळते, बाल्कनीत टेकवून ठेवलेली दारं परत लावायची वेळ येते, आणि एकही दार चौकटीत उभं राहत नाही.

हिशेब तसा शाळकरी पोराला जमेल असा आहे. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवायची असेल, तर टाइलची जाडी ९ ते १० मिलिमीटर आणि खालचा ॲडहेसिव्हचा थर दाबून बसल्यावर ३ ते ४. मिळून साधारण अर्धा इंच. सुतार मिलिमीटर बोलत नाही, तो सूत बोलतो. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे हे झालं चार सूत. फ्लॅटमधल्या आतल्या दाराखाली फट असते दोन सूत, फार तर अडीच. चारातून दोन वजा केले की दोन सूत दार फरशीत रुतलं. ते मोकळं फिरायचं तर वर आणखी दोन सुतांची फट हवीच. थोडक्यात, जेवढी फरशी चढली तेवढं दार उतरवायचं.

वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत हा प्रश्न नव्हता. तिथे दार उंबरठ्याला येऊन भिडायचं, जमिनीशी त्याचा संबंधच यायचा नाही. शेणाने सारवून सारवून जमीन वर्षागणिक थोडी वर येवो, एका खोलीत शहाबादी आणि दुसरीत माती असो, उंबरठा दोन्हींच्या मध्ये उभा असायचा. फ्लॅट आले तसे आतल्या खोल्यांचे उंबरठे गेले. चालायला सोय झाली, केर काढायला सोय झाली, आणि दाराचा तळ उघड्या फरशीवर तरंगता राहिला. आता फरशीला जरा काही झालं की पहिली तक्रार दाराची येते.

आमची पुण्यातली इमारत ऐंशीच्या दशकातली. खाली दहा इंची मोझॅकच्या लाद्या. भारतीय मानकाप्रमाणे या मापाची लादी २२ मिलिमीटर जाड असते आणि तिच्याखाली सिमेंट-वाळूचा चांगला जाड थर असतो. ती उखडायची म्हणजे ब्रेकरचा धडधडाट, पोत्यांनी राडारोडा, लिफ्टवरून सोसायटीशी वाद आणि खालच्या घराच्या छतावर नजर ठेवून बसणं. म्हणून टाइलवर टाइल. वजनाची काळजी बहुतेकांना वाटते, तीही आकड्यात बघावी. १० मिलिमीटरची टाइल आणि खालचं ॲडहेसिव्ह मिळून चौरस मीटरला २८-२९ किलो होतात. दहा बाय बाराच्या खोलीवर सव्वातीनशे किलोच्या आत-बाहेर. तीच टाइल मिस्त्रीने जुन्या सवयीने दीड इंच मसाल्यावर बसवली, तर चौरस मीटरला शंभर किलो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामानसुमान यांचा भार चौरस मीटरला २०० किलो धरलेला असतो. त्यातला अर्धा एकट्या नव्या फरशीने खायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते जुन्या इमारतीत मसाल्याचं नावही काढू नये. आणि ॲडहेसिव्ह लावण्याआधी जुनी लादी न् लादी बोटाच्या पेराने वाजवून बघावी. पोकळ बोलणारी लादी काढून ती जागा आधी भरून घ्यावी, कारण खालची हलली की वरची तडकणार.

सुतार का नाही बोलावला? बोलावला होता. पाच दारं खालून तासायची एवढ्याशा कामाला मोठ्या साइटवरचा सुतार येत नाही. ‘आता येतो’ म्हणतो आणि दिवाळी जाते. त्यात त्याची चूकही नाही. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी त्याचा पूर्ण दिवस मोडतो. खालच्या मजल्यावरचे काका मात्र जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात काम केलेले. ते म्हणाले, “हत्यारं माझी, हात तुझे. मला आता वाकवत नाही.” एवढं बोलून त्यांनी खुर्ची मागवली आणि आमच्या पॅसेजमध्ये बसले.

काकांनी पहिल्या दिवशी करवतीला हात लावू दिला नाही. काम मापाचं आहे, कापायचं नाही, हे त्यांचं म्हणणं मला नंतर पुरेपूर पटलं. लोक काय करतात, दार बंद करून मधोमध फट मोजतात आणि तेवढी रेघ मारतात. पण दार काही नुसतं बंद राहायला नसतं. ते पाव वर्तुळ फिरतं आणि त्या पाव वर्तुळात फरशी कुठेतरी सगळ्यात उंच असते. कापायचं ते त्या जागेच्या हिशेबाने. मोझॅकच्या फरशीत हा उंचवटा बहुधा भिंतीच्या कडेला सापडतो. पॉलिशचं यंत्र भिंतीला भिडत नाही, त्यामुळे कडेचा वीतभर पट्टा कारागिराने हाताने दगड घासून केलेला असतो आणि तिथे मधल्यापेक्षा कमी घासलं जातं. वर पातळ थरात बसवलेली नवी टाइल खालचे चढउतार बऱ्याच अंशी तसेच वर आणते. ॲडहेसिव्हने केस झाकतात, कुबड नाही.

म्हणून जुनी फरशी असतानाच, दारं काढायच्या आधी, प्रत्येक दाराखालची फट चार ठिकाणी मोजली: दार बंद असताना, पाव उघडं, अर्धं उघडं आणि भिंतीला टेकलेलं. मोजायला सनमायकाच्या नमुन्याचे तुकडे. दुकानात कार्डासारखे मिळतात, प्रत्येक साधारण १ मिलिमीटर जाड. दाराच्या कोपऱ्याखाली एकावर एक सरकवत जायचं आणि शेवटचा अडला की मोजायचं. टेप त्या फटीत वाकडी होते, डोळा तिथे पोचत नाही, हे तुकडे मात्र खोटं बोलत नाहीत. बेडरूमच्या दाराला बंद स्थितीत ८ तुकडे गेले, अर्ध्या वाटेवर ९ आणि भिंतीजवळ ५. तीन मिलिमीटरचा फरक, एक सूत. मुलगी हे सगळं वहीत लिहीत होती. तिने विचारलं, “बाबा, मग दार कुठल्या मापाने कापायचं?” मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, “पाचाच्या. बाकी ठिकाणी फट जास्त दिसेल, ती दिसू दे.”

यात अजून एक मेख आहे. चौकट ओळंब्यात नसेल तर फरशी सपाट असूनही दार फिरताना खाली-वर होतं. बिजागऱ्यांची रेघ वरच्या बाजूला खोलीकडे झुकलेली असली, तर उघडताना दाराचं नाक खाली येतं. ते दार नेहमी आपोआप उघडतही असतं. त्यामुळे चौकटीच्या उभ्या लाकडाला दोन्ही बाजूंनी ओळंबा लावून बघायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची जुनी खोड, एकटं सोडलं की हळूहळू भिंतीकडे जाणं, ती इथे उलगडली. आजवर आम्ही वाऱ्याला दोष देत होतो.

टाइल बसण्याआधी चौकटींचंही एक काम असतं आणि ते नव्वद टक्के घरांत होत नाही. मिस्त्री चौकटीच्या पायाभोवती टाइल खाचा पाडून कापतो, कट वेडावाकडा येतो आणि मग त्यात पांढरं सिमेंट भरतो. वर्षभरात ते काळं पडतं. त्यापेक्षा चौकटीचा पायच खालून कापावा. नव्या टाइलचा एक तुकडा जुन्या फरशीवर ठेवायचा, त्याखाली ॲडहेसिव्हच्या जाडीएवढा पुठ्ठा घालायचा, वर हातकरवत आडवी पाडायची आणि टाइलला चिकटवूनच पुढेमागे चालवायची. माप घ्यायची गरज नाही, टाइलच माप. काप अर्धा-पाऊण इंच आत गेला की पटाशीने खालचा तुकडा उडवायचा. टाइल त्या खाचेत सरकते आणि चौकट टाइलवर उभी आहे असं दिसतं. चौकट भिंतीत होल्डफास्टने धरलेली असते, पायाचा एवढा तुकडा गेल्याने तिला काही होत नाही. आणि वाळवी असेल तर ती नेमकी इथे सापडते. करवत लोण्यासारखी शिरली की समजावं. आमच्या एका चौकटीचा पाय बाहेरून रंगाने गुळगुळीत आणि आत मातीच्या पापुद्र्यांनी भरलेला निघाला. तिथे आधी वाळवीचं औषध आणि नवं लाकूड, मग पुढचं.

आपल्याकडच्या साध्या बिजागरीची खिळी निघत नाही, त्यामुळे चौकटीकडचे स्क्रू काढूनच दार उतरवावं लागतं. त्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांचा रंग बसलेला असतो. तो टोकदार कटरने खरवडल्याशिवाय पेचकस लावला तर खाच झिजते आणि मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. दाराखाली दोन पाचरी मारून भार त्यांवर घ्यायचा, खालची बिजागरी आधी मोकळी करायची, मग मधली आणि वरची सगळ्यात शेवटी. सात बाय तीनचं भरीव फ्लश दार ३५-४० किलोंचं असतं, एकट्याने धरायचं काम नव्हे. काढलेलं दार भिंतीला तिरकं टेकवून आठवडाभर ठेवू नये, त्याला बाक येतो. आडवं, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवावं. आणि काढल्या काढल्या प्रत्येकावर खडूने खोली, खालची बाजू आणि आतली बाजू लिहावी. सुतारकामात वरचं टोक कापून बसलेल्यांचे किस्से कमी नाहीत आणि कापलेलं लाकूड परत वाढत नाही.

फरशी बसून, सांधे भरून, चांगली वाळल्यावर पुन्हा माप. आता दार लावता येत नसतं, कारण ते मावतच नाही. म्हणून दाराच्या रुंदीची अल्युमिनियमची पट्टी घेतली. तिचं एक टोक चौकटीवर बिजागरीच्या बाजूला मारलेल्या खुणेवर धरलं, वर लेव्हल ठेवली आणि दुसरं टोक दार फिरेल तसं फिरवत जागोजागी खाली टेप सोडली. सगळ्यात कमी अंतर जिथे आलं ती सगळ्यात उंच जागा. वहीतल्या जुन्या मापांशी ताडून पाहिलं. भिंतीकडेचाच तो पट्टा. मिस्त्रीने थोडा सांभाळला होता, पण पूर्ण नाही.

फट किती ठेवायची यावर घरात मतभेद झाले. एसी लावणाऱ्याला फट कमी हवी, झुरळांना भिणाऱ्याला तर नकोच, आणि पायपुसणं दाराखालून जायला हवं असा आईचा आग्रह. पायपुसण्यासाठी दार कापायचं झालं तर पाऊण इंचाची फट ठेवावी लागेल. पायपुसणं दाराच्या फिरण्याबाहेर सरकवावं हे बरं. खोल्यांना उंच जागेवर दोन सूत, एवढं ठरलं.

आता कापणं. हल्ली बहुतेक सुतार दार कापायला चार इंची मार्बल कटरच वापरतात, दगडाचं पातं काढून लाकडाचं दातेरी पातं लावून. मशिन स्वस्त, हातात मावणारी, काम झटपट. पण ती मिनिटाला बारा हजारांच्या पुढे फेरे घेते, बूड लहान, आणि पातं लाकडात अडकलं तर सगळा झटका धरणाऱ्याच्या अंगावर येतो. रोजचा हात असलेल्याची गोष्ट वेगळी. घरी, कधीतरी करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत. तीन फुटांचा काप, सव्वा इंच जाडी. बारीक दात्यांच्या चांगल्या हातकरवतीने पंधरा-वीस मिनिटांत होतो आणि वाकडा जायला लागला तर थांबता येतं.

काकांच्या दोन घोड्या बाल्कनीत मांडल्या, त्यांवर जुन्या चादरी आणि वर दार. रेघ पेन्सिलीने नाही, कटरने मारायची. स्टीलच्या पट्टीला लावून दोन-तीन वेळा ओढलं की सनमायका तुटतो आणि रेघेची बारीक खाच बनते. हे दोन्ही बाजूंनी करायचं आणि कडेवरूनही रेघ फिरवून घ्यायची. कारण हातकरवत पुढे ढकलताना कापते आणि दाते खालच्या बाजूने बाहेर पडतात, तिथला सनमायका कपच्या उडून निघतो. फिरत्या पात्याच्या यंत्रात उलटं, दाते खालून वर येतात आणि वरची बाजू खराब होते. कटरची खाच असली की कपची रेघेपर्यंत येते आणि थांबते. करवत रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला लागून चालवायची. रेघ स्वतः दारावर राहिली पाहिजे.

करवत निम्म्यावर गेली तेव्हा मुलगी खाली वाकून कापाचा आतला भाग बघत होती. चाळीस वर्षं घरात असलेलं दार पहिल्यांदाच आतून दिसत होतं. दोन्ही अंगांना प्लायचे पातळ थर, एकाचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे. कडेला अखंड लाकडाची पट्टी, तपकिरी, घट्ट. ती संपली तसा भुसा पिवळसर झाला आणि करवतीचा आवाज मोकळा झाला. दाराच्या तळाशीही अशीच आडवी अखंड पट्टी दोन-तीन इंचांची असते, तिच्यातूनच चार सूत काढायचे असल्याने ताकदीला धक्का लागत नाही. पण दार आधी कधी कापलेलं असेल, किंवा पोकळ गाभ्याचं असेल, तर पट्टी संपून आतली पोकळी उघडी पडू शकते. तशा वेळी पोकळीच्या मापाची लाकडी पट्टी तासून, फेविकॉल लावून आत ठोकून बसवावी लागते. शेवटच्या दोन इंचांत खालचा लोंबता तुकडा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि जाताना कोपऱ्याचा लचका घेऊन जातो, म्हणून तिथे कोणीतरी तो तुकडा हातावर धरायचा. मुलीने धरला.

दोन सुतांपेक्षा कमी उतरवायचं असेल तर करवत लागतच नाही, रंधा पुरे. कापानंतरही रंधा फिरवायचाच. काकांचा रंधा लाकडी, मूठ घामाने काळी झालेली. पात्याची धार त्यांनी नखावर पाहिली, मग पाचरीवर हलकी टकटक करत पातं केसभर बाहेर आणलं. दाराच्या तळाला दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्यांची तोंडं येतात, तिथे लाकडाचे धागे रंध्यासमोर उभे ठाकतात. रंधा सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकाबाहेर नेला तर शेवटचा कोपरा चिरून उडतो. म्हणून दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं. आडव्या पट्टीवर लांब कुरळी साल निघते, टोकांवर भुकटी. काका खुर्चीतून नुसतं ऐकत होते. “दाबतोयस. खर्र आवाज आला की पातं जास्त बाहेर आहे,” आणि खरोखरच होतं.

दार कोणत्याही घरातलं असो, त्याच्या तळाखाली छोटा आरसा धरून बघा. बाकी सगळ्या बाजूंना रंग, पॉलिश, सनमायका असतो आणि तळ मात्र उघडं लाकूड. तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही आणि दार काढून रंगवायचे कष्ट कोणी घेत नाही. रोज फरशी पुसताना ओलं फडकं याच कडेला लागतं. प्लायचे थर खालून सुटायला लागतात ते इथून. म्हणून दार लावण्याआधी कापलेल्या तळाला सीलर किंवा ऑइल पेंटचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. उभ्या पट्ट्यांची तोंडं पहिला हात पिऊन टाकतात, तिथे तिसरा.

परत चढवताना दार उचलत बसू नये. जमिनीवर लाकडाचा लहान तुकडा, त्यावर फळी, फळीचं एक टोक दाराखाली आणि दुसऱ्यावर पाय. पायाच्या दाबाने दार हवं तेवढं वर येतं आणि दोन्ही हात स्क्रूला मोकळे राहतात. भोकं सैल झाली असतील तर गुलाचं टोक मोडलेल्या आगकाड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकायच्या, वाळल्यावर स्क्रू परत लाकडात पकडतो. कुलूप, कडी, कोयंडा यांना हात लावावा लागत नाही, कारण आपण फक्त तळ कमी केला आहे आणि दार जुन्याच बिजागऱ्यांच्या जागी आहे. तळाच्या टॉवर बोल्टचं भोक तेवढं नव्या टाइलमध्ये पाडावं लागतं. काच-टाइलचं बिट, ड्रिलचा हॅमर बंद, आणि पाणी शिंपडत.

इथे एक इशारा द्यायला हवा. पावसाळ्यात घासणारं दार हा वेगळा रोग आहे आणि त्याला हे औषध नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. सागाच्या तावदानी दारात दोन उभ्या पट्ट्या मिळून २०० मिलिमीटर रुंदी असेल आणि लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर दार दीड मिलिमीटरने रुंद होतं, म्हणजे अर्धं सूत. कडीच्या बाजूची फटच तेवढी असते, म्हणून ते अडतं. उंची मात्र या उभ्या पट्ट्यांच्या लांबीने ठरते आणि ती जिथल्या तिथे राहते. तेव्हा श्रावणात दार खाली फरशीला घासत असेल, तर ते फुगलेलं नसून लोंबलेलं असण्याचा संभव जास्त. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघावेत. कडीकडे वरच्या कोपऱ्यात फट वाढलेली दिसली की रोग तोच. आणि कडेला खरोखर फुगलं असेल तर रंधा दिवाळीपर्यंत माळ्यावर ठेवावा. जुलैत तासलेलं दार एप्रिलच्या पुण्याच्या कोरड्या हवेत असं आकसतं की कडी कोयंड्यात टेकत नाही.

बाथरूमचं दार सगळ्यांत नाजूक. ते बहुधा आत उघडतं, म्हणजे त्याचं माप आतल्या फरशीचं, पॅसेजचं नव्हे. आत उतार जाळीकडे असल्यामुळे दाराजवळची फरशी उंच असते आणि दार उघडताना फट वाढत जाते. प्लास्टिकचं पोकळ दार असेल तर कापल्यावर तळाची नळकांडी उघडी पडतात, त्यांत पाणी आणि झुरळं दोन्ही जातात. तिथे अल्युमिनियमची खाचेची पट्टी सिलिकॉनने बसवून टाकावी. मोठा धोका दाराचा नाहीच. बाहेरचा पॅसेज चार सूत चढतो म्हणून बाथरूमचीही फरशी चढवायची हौस येते आणि पाणी अडवणारी पायरी नाहीशी होते. आमच्याकडे ग्रॅनाइटची आडवी पट्टी तशीच ठेवली आणि आत टाइल बदलली नाही. तसंच बाल्कनीच्या सरकत्या दाराचं. त्याच्या रुळाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. मिस्त्रीने टाइल रुळाला भिडवून सांधा भरला की ती बुजतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात हॉलमध्ये तळं. टाइल बसताना तिथे स्वतः उभं राहावं.

दोन खोल्यांत एकीकडे नवी फरशी आणि एकीकडे जुनी राहत असेल, तर मधली अर्ध्या इंचाची चढण बंद दाराच्या बरोबर खाली यावी. दोन्हीकडून पाहणाऱ्याला आपापली फरशी अखंड दिसते. ती कड नुसती सोडू नये. पूर्ण पायरी डोळ्याला दिसते, अर्धा इंच दिसत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचा अंगठा तिथेच अडकतो. तिरकी तासलेली पट्टी घालावी, दर अर्ध्या इंच चढाला दोन-तीन इंचांचा उतार.

आतली दारं झाली. राहिलं आहे मुख्य दार. ते जाड सागाचं, तावदानी, खालची आडवी पट्टी चांगली आठ इंची. त्याच्या तळाशी जुना लाकडी उंबरठा एक इंच वर होता, तो आता अर्धाच दिसतो, फरशीत बुडाल्यासारखा. मी म्हटलं, राहू दे, दार तर लागतंय. आईला ते मंजूर नाही. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू कशाला लावायचं, फरशीला? तिला जुन्या उंबरठ्यावर नवी सागाची फळी हवी आहे, पूर्ण एक इंचाची, आणि तेवढं दार कमी करायला हवं. काका म्हणतात, पट्टी आठ इंचांची आहे, एक इंच सहज सोसेल, पण खालचं टोक उभ्या पट्टीत जिथे शिरलंय तो सांधा आधी बघ. सांधा बघितला, मजबूत आहे. आता आई एक इंचावर अडून आहे आणि मी पाच सुतांवर.